नावाआधीची मोकळी जागा

माझ्याकडे एक स्टीलचा डबा आहे. झाकणावर माझ्या नवऱ्याचं नाव कोरलेलं आहे, बालाजी. नावाच्या आधी थोडी जागा मोकळी आहे, एक अक्षर आणि एक टिंब मावेल एवढी. वरची आडवी रेघ मात्र त्या मोकळ्या जागेपासूनच सुरू होते. बायका बघतात आणि म्हणतात, कोरणाऱ्याचं माप चुकलं वाटतं. मी हो म्हणते. कोण सांगत बसणार.

ते काम रघुकाकांचं आहे. त्यांचं माप चुकलेलं मी कधी पाहिलं नाही.

रघुकाका भांड्यांवर नावं घालायचे. राहायला आगरदांड्याला. मंगळवारी आणि शुक्रवारी फेरीबोटीने खाडी ओलांडून दिघीला उतरायचे, तिथून मिनीडोअर रिक्षाने बोर्लीला यायचे आणि आमच्या शेठच्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसायचे. बसायला रंगाचा रिकामा डबा, पालथा घातलेला. मांडीवर ओल्या गोणपाटाची घडी, म्हणजे भांडं वाजत नाही. मशीन त्यांनी स्वतः बनवलेलं होतं. दारावरच्या घंटीत असते तशी तारेची गुंडाळी, तिच्यापुढे पोलादी सुई, वरून सायकलच्या ट्यूबचे वेढे. बटण दाबलं की सुई धडधडायची आणि ठिपक्याला ठिपका लागून अक्षर उमटायचं. ते मशीन त्यांनी तीस वर्षं हातात धरलं. तीस वर्षं त्याने त्यांचा हात हलवला. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं मरत आली होती, आणि ती पूर्ण मरायच्या आत त्यांना दुसरं मशीन हवं होतं. लहान, न थरथरणारं, आणि पायरीवर बसणाऱ्या माणसाला परवडेल असं. मी ओळखत होते तेवढी सगळी वर्षं ते तेच शोधत होते.

अक्षरं घालायची त्यांची एक रीत होती. आधी सगळी अक्षरं घालायची, काना, मात्रा, वेलांटी सगळं, पण बोडकी. शेवटी एका दमात वरची रेघ ओढायची. म्हणायचे, "भिंती आधी, छप्पर शेवटी. छप्पर घातलं की घर झालं, मग आत बदल न्हाय." रेघ ओढून झाली की भांडं उचलून ते खालच्या ओठावरून हळूच फिरवायचे. नवं गिऱ्हाईक असेल तर त्याला वाटायचं, म्हातारा भांडं उष्टं करतोय. एका बाईने तसं बोलून दाखवलं. काका म्हणाले, "वहिनी, बोटांना कळत न्हाय म्हणून ओठाला विचारतो. ओठ खोटं बोलत न्हाय." बाई म्हणाली, आमच्या ह्यांचे ओठ बघा एकदा. पायरीवर सगळे हसले, काका सोडून. ते पुढचं भांडं घेऊन बसले होते.

दुसरी रीत विचारायची. नाव घालायच्या आधी ते प्रत्येकाला तोंडाने, मोठ्यांदा विचारायचे, "श्री घालू का कै.?" लग्नाचा आहेर असला, नवरा-नवरी समोर हसत उभी असली तरी विचारायचे. लोक चिडायचे. शेठही एकदा म्हणाला, काका, शुभकार्यात असलं काय विचारता. पण त्यामागे एक गोष्ट होती आणि ती शेठला माहीत होती, कारण ती त्याच्याच दुकानात घडलेली होती.

दिवेआगरच्या एका घरची वास्तुशांत आणि दुसऱ्या घरचं वर्षश्राद्ध एकाच आठवड्यात आलं होतं. दोन्हीकडच्या वाट्या, दोन्हीकडच्या चिठ्ठ्या. चिठ्ठ्यांवर नुसती नावं होती, कुठलं घर कुठल्या कार्याचं ते उलटसुलट झालं आणि वास्तुशांतीच्या सगळ्या वाट्यांवर घराच्या मालकाच्या नावाआधी कै. पडलं. पाहुण्यांना वाटी हातात देताना कुणीतरी वाचलं. दुसऱ्या दिवशी ते मालक, चांगले दणकट, सुपारीच्या वाडीतून सरळ आलेले, पायरीवर येऊन उभे राहिले. हातात वाटी. काका उठले आणि त्यांच्या पाया पडले. सगळ्या वाट्या नव्या देतो म्हणाले, तीन महिने फुकट नावं घालतो म्हणाले. त्या माणसाने वाटी उन्हात धरून नीट बघितली आणि म्हणाला, "अक्षर सुरेख आलंय. ऱ्हाऊ दे. पुढं कामाला येईल."

ती वाटी त्याने ठेवून घेतली. काका मात्र त्या दिवसापासून विचारायला लागले.

मोठ्या वादळाच्या वेळी मी इथे नव्हते, पण त्यातलं एक मला शेठने सांगितलं. वादळात लोकांची छपरं उडाली, माड पडले, आणि घराघरांतली भांडी कुठल्या कुठे गेली. कुणाचं पातेलं कुणाच्या विहिरीत, कुणाची परात कुणाच्या वाडीत माडाखाली. लोक आधीच हैराण, त्यात पातेल्यावरून भांडणं. एकाच आडनावाची चार घरं असली की नुसत्या नावावरून कळायचं नाही. काका खाडी ओलांडता आली त्या दिवशी आले आणि गावभर फिरले. भांडं हातात घ्यायचे, ओठाला लावायचे आणि सांगायचे, हे तुझ्या आईच्या हळदीकुंकवाचं, हे थोरल्याच्या लग्नातलं. कुणी वाद घातला नाही. शेठ म्हणतो, चहासुद्धा कुणाकडे घेतला नाही त्यांनी, कारण चहा करायला चूलच नव्हती कुणाची.

आता माझं थोडं सांगायला हवं, नाहीतर डब्याचं कळणार नाही. मी नांदेडकडची. सातवीत शाळा सुटली. लग्नानंतर बालाजी मच्छीमारीच्या बोटीवर कामाला लागला आणि आम्ही दिघीत एक खोली घेतली. आमच्याकडे समुद्र नाही, मला त्याची भीती वाटायची, त्याला नाही वाटायची. तिसऱ्या वर्षी बोट परत आली आणि तो आला नाही. बोटीवरचे म्हणाले, पहाटे मागच्या बाजूला उभा होता, मग नव्हता. चार दिवस शोधलं. काही मिळालं नाही. मी रडले की नाही ते मला आठवत नाही. भात लावलेला होता आणि तो करपल्याचा वास आठवतो.

वर्ष झालं तेव्हा सासरहून फोन यायला लागले, त्याच्या नावाने काहीतरी कर, चार भांडी वाट. माझ्याजवळ चार भांडी वाटण्यासारखं काही नव्हतं. एक डबा होता, आम्ही दोघांनी याच दुकानातून घेतलेला. नाव घालायचं तेव्हा राहून गेलं होतं. तो घेऊन मी पायरीवर गेले. काकांनी नाव विचारलं, मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "श्री घालू का कै.?"

मी डब्याचं झाकण काढलं आणि परत लावलं. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. काकांनी पुन्हा विचारलं नाही. उत्तर मिळाल्याशिवाय ते कधी हात चालवत नसत, पण त्या दिवशी त्यांनी अंगठा आडवा ठेवून माप घेतलं, तेवढी जागा सोडली आणि बालाजी घातलं. मग रेघ ओढली ती मोकळ्या जागेपासून. डबा ओठावरून फिरवला आणि माझ्या हातात दिला.

"छप्पर घातलंय, बाय," म्हणाले. "भिंत तू सांगशील तेव्हा."

पैसे घेतले नाहीत. शेठकडे बघून म्हणाले, तुला भांडी पुसायला माणूस पाहिजे होतं ना, ही बघ. असं मी दुकानात लागले. आजही तिथेच आहे. त्यांनी त्या दिवशी ते वाक्य बोललं नसतं तर मी कुठे असते, याचा मी रोज विचार करते. मला कुठल्याही गोष्टीची काळजी लागते. दुकानाचं कुलूप मी तीनदा ओढून बघते. काका म्हणायचे, "कुलूप घाबरलं असेल आता. सोड त्याला."

त्यांच्या बोटांचं मला पहिल्यांदा चहामुळे कळलं. चहा आला की ते काचेचा ग्लास मुठीत धरायचे. उकळता चहा, मी ग्लास कडेला बोटाच्या टोकांनी धरायचे तरी सोसायचा नाही. त्यांच्या तळहाताला फोड आला होता आणि त्यांना तो संध्याकाळी जेवताना दिसला. त्यांचा बाप उरणकडच्या मिठागरात कामाला होता. काका म्हणायचे, "बापाचे पाय मिठाने मेले. माझी बोटं मशीनने. घरात एवढंच वारशाने चालतं." डॉक्टरने सांगितलं होतं, थरथरणारं मशीन सोडा, नाहीतर बाकीची दोनही जातील. काकांनी विचारलं, मग काय धरू? डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या.

मग शोध. अलिबागच्या हार्डवेअरच्या दुकानात त्यांनी विचारलं, तिथे लोखंड कापायचं मशीन पुढे केलं, दोन हातांनी धरायचं. काका म्हणाले, मला वाटीवर नाव घालायचंय, वाटीचे दोन तुकडे न्हाय करायचे. पनवेलला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने मोबाइलवरून एक चार्जिंगचं मशीन मागवून दिलं, पेनाएवढं, छान डबीत. काकांनी ते एका झाऱ्यावर चालवलं. अर्धं नाव झालं, पुढचा दिवा लुकलुकला आणि मशीन बंद पडलं. त्यांनी पुन्हा चार्ज केलं, पुन्हा अर्धं नाव. मुलाला त्यांनी फोनवर सांगितलं, मशीन फस्टक्लास हाय. मला म्हणाले, "ह्याला झोप फार."

ते मशीन ते रोज पिशवीत आणायचे. चालवायचे जुनंच.

पुढचं मी सुचवलं. समोर रेश्माचं पार्लर आहे. तिच्याकडे नखं घासायचं मशीन होतं, गुलाबी, पुढे फिरणारं बारीक टोक. मी एकदा हातात धरून पाहिलं, थरथर नव्हती. मी दोन दिवस विचार केला की सांगावं की नको, काकांना राग आला तर. मग सांगितलं. ते लगेच उठले. पार्लरमध्ये पुरुष जात नाहीत, म्हणून ते दारात बसले आणि रेश्माने लांब वायर लावून मशीन बाहेर दिलं. पितळेच्या पळीवर चाललं. स्टीलवर टोक घसरायचं, बर्फावरून घसरावं तसं. ल घालायला गेले की तो भलतीकडेच पळायचा. आतल्या बायका बघत होत्या. रेश्मा म्हणाली, काका, आलाच आहात तर नेलपेंट लावून देऊ? काकांनी हात पुढे केला. "लाव. बोटांना कळायचं न्हायच."

तिने खरंच एका नखाला लावलं. आठ दिवस त्यांनी ते तसंच ठेवलं. शेठ रोज विचारायचा, स्थळं आली का.

शेवटी मशीन मिळालं ते दातांमुळे. मुरुडच्या दातांच्या डॉक्टरांकडे ते कवळीचं माप द्यायला गेले होते. आतल्या खोलीत काहीतरी गुणगुणत होतं. आवाज ऐकून त्यांनी तोंड मिटलं आणि म्हणाले, माप नंतर, आधी ते दाखवा. कवळी घासायचं मशीन होतं. लहान पेटी, वेग कमीजास्त करायला चावी, वायरच्या टोकाला जाड पेनासारखी मूठ आणि तिच्यात बारीक टोक, हिऱ्याची पूड लावलेलं. मूठ हातात धरली तर चालू आहे की बंद ते आवाजावरूनच कळायचं. डॉक्टरांकडे तसंच एक जुनं पडून होतं, पायाने दाबायची पट्टी मोडलेली. ते त्यांनी काकांना दिलं. बदल्यात काकांनी दवाखान्याच्या सगळ्या तबकांवर, चिमट्यांवर नाव घालून द्यायचं ठरलं.

शुक्रवारी त्यांनी ते टॉवेलमध्ये गुंडाळून आणलं. लहान मूल आणावं तसं. शेठने एक नवी थाळी दिली, ही खराब झाली तरी चालेल म्हणाला. काकांनी मशीन लावलं, गोणपाट ओलं केलं, आणि एक रेघ ओढली. रेघ केसासारखी आली. एवढी बारीक रेघ त्या पायरीवर कधी कुणी ओढली नव्हती. मग त्यांनी अक्षर घातलं. पहिलं अक्षर खोल गेलं, थाळीच्या पाठीवर उठलं. दुसरं उमटलंच नाही. तिसरं अर्धं. त्यांनी हात पुसला आणि पुन्हा केलं. मग पुन्हा. थाळी भरत आली. मी भांडी पुसत होते, तिथेच थांबले. शेठ आत जाऊन फोनवर बोलायला लागला, पलीकडे कुणी नसताना.

काकांनी बटण बंद केलं.

"जुनं थरथरायचं," ते म्हणाले. "बोटांना न्हाय, पण खांद्याला कळायचं, किती दाबलंय. ह्याला थरथरच न्हाय. टेकलं का न्हाय, मला कोण सांगणार?"

एवढी वर्षं जे शोधलं ते मांडीवर होतं. त्यांनी टोक पुसलं. मग मूठ माझ्याकडे केली, टोक स्वतःकडे ठेवून, सुरी देतात तशी.

"तू धर, बाय. तुझी बोटं जिवंत हायत."

मी म्हणणार होते, बोटंच तेवढी. म्हणाले नाही. मी सांगितलं, माझी सातवीच झालीय, अक्षर वाईट आहे, चुकलं तर लोकांचं भांडं जाईल. ते म्हणाले, घाबरणारा माणूस नाव दोनदा वाचतो, असाच पाहिजे. मी वर्षभर जुन्या पातेल्यांच्या बुडावर अक्षरं घातली. ते शेजारी बसून जुन्या मशीनवर आपलं काम करायचे आणि माझं भांडं ओठाला लावून सांगायचे, ज उथळ आहे, टिंब खोल गेलं. मी वरची रेघ आधी ओढली की हातातून भांडं काढून घ्यायचे. दवाखान्याची तबकं मीच केली. डॉक्टर म्हणाले, छान. मी आधी ती सगळी तीनदा मोजली होती आणि नाव कागदावर लिहून घेतलं होतं. अजूनही तसंच करते.

मग एका मंगळवारी काका मशीन न घेता आले. पिशवीत फक्त एक तांब्या होता, पितळेचा, घरातला. रंगाच्या डब्यावर मला बसवलं आणि स्वतः गिऱ्हाइकासारखे पायरीखाली उभे राहिले. मी विचारलं, काय नाव घालू. म्हणाले, नुसतं रघुनाथ. आडनाव पोराकडे हाय, ते त्याला लागेल. मी गोणपाट ओलं केलं. मग रीतीप्रमाणे मला विचारावं लागलं. मी मान खाली घालूनच विचारलं, श्री घालू का कै.?

"जागा ठेव," ते म्हणाले.

मी अंगठा आडवा ठेवून माप घेतलं. रघुनाथ घातलं. छप्पर मोकळ्या जागेपासून ओढलं. त्यांनी तांब्या तिथे ओठाला लावून बघितला नाही, तसाच पिशवीत टाकला. पिशवी त्यांच्या हातातून दोनदा सुटली, म्हणून शेठ म्हणाला, जा, दिघीपर्यंत सोडून ये. मिनीडोअरमध्ये पिशवी मी मांडीवर घेतली. एकदा त्यांनी विचारलं, कुलूप लावून आलीस? मी म्हणाले, दुकान उघडंय काका, शेठ आहे. म्हणाले, मग बरं.

यंदा पावसाळ्याच्या आधी त्यांचा मुलगा तो तांब्या घेऊन आला. दाढी वाढलेली होती. मी विचारलं, श्री घालू की कै.? त्याने तांब्या पायरीवर ठेवला. म्हणाला, हे विचारायलाच पाहिजे का? मी म्हणाले, काकांचा नियम आहे. त्याने उत्तर दिलं. मोकळी जागा मी सोडली होती तेवढीच होती. छपराखाली अक्षर बसलं, छपरावर दोन काड्या बसल्या, पुढे टिंब. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. हात हलला नाही. काही वाटलंही नाही, नंतर वाटेल असं वाटलं होतं. त्या दिवशी मी माझा डबाही दुकानात नेला होता, भाजी घालून. भाजी खाल्ली आणि डबा धुऊन परत आणला.

मला काका दिसतात ते त्या मंगळवारचे. दिघीच्या जेटीवर मी पिशवी त्यांच्या खांद्याला अडकवली. फेरीबोट गाड्यांनी भरलेली होती. ते वर कठड्यापाशी जाऊन उभे राहिले. बोट सुटली तेव्हा त्यांनी हात केला नाही. पिशवीत हात घालून तांब्या काढला, दोन्ही तळहातांत धरला आणि तोंडाला लावला. शेजारच्या माणसाने त्यांच्याकडे बघून पाण्याची बाटली पुढे केली, म्हाताऱ्याचा तांब्या रिकामा आहे असं वाटून. काकांनी मान हलवून नको म्हटलं. आणि पुन्हा सुरुवातीपासून, सावकाश, खालचा ओठ त्या रेघेवरून फिरवला. आधी मोकळी जागा, मग नाव.